पटकीची बाज

आमच्या गावात बायका पाण्यावरून भांडल्या की अजूनही एखादीच्या तोंडून "पटकी येवो तुला" असं निघून जातं. बोलणारीला विचारलं, पटकी म्हणजे काय गो? तर ती हसते. शिवी शिल्लक राहिली आणि रोग विसरला गेला. मी सदतीस वर्षं पनवेल तालुक्यात नर्सबाई म्हणून हिंडले, त्यामुळे मला ही शिवी ऐकून हसू येत नाही. पण रोग विसरला जावा इतकं चांगलं काही नाही, म्हणून मी रागवतही नाही.

या रोगाला आपल्याकडे नावं तरी किती. घाटावर वाखा म्हणत. कुठे मरी, कुठे महामारी, कुठे जरीमरी. सरकारी कागदावर पटकी, दवाखान्यात कॉलरा. आणि एक जुनं नाव मोडशी. आज मोडशी म्हटलं की नुसतं अपचन, पोट बिघडणं असंच आपण समजतो. पण गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता, त्याचं औषधांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यात या रोगाचं वर्णन आहे. पोर्तुगीजांनी आपल्या मोडशीचं मोर्देशी केलं. पुढे फ्रेंचांनी त्याचं केलं 'मोर द शियँ', त्यांच्या भाषेत कुत्र्याचं मरण. आपला साधा 'मोडणे' या क्रियापदातून आलेला शब्द समुद्र ओलांडून गेला आणि कुत्र्याचं मरण होऊन बसला. अर्थ फारसा चुकला नाही म्हणा.

पनवेलचा आणि या रोगाचा संबंध मात्र नुसत्या शब्दापुरता नाही. १८१७ साली बंगालात जेसोरकडे जी साथ उसळली ती वर्षभरात दख्खनेत आली. ते साल कसलं, तर पेशवाई बुडण्याचं. सगळीकडे फौजा हलत होत्या, त्यांच्या मागे बैल, बाजारबुणगे, मोटवाले, हमाल. पुण्याहून मुंबईला जायचं तर तेव्हा रेल्वे नाही, गाडीरस्ताही धड नाही. बोरघाट उतरायचा, पनवेलला यायचं आणि पनवेलच्या बंदरातून होडीनं मुंबई गाठायची. १८१८ च्या ऑगस्टात साथ मुंबईत पोहोचली ती याच वाटेनं. तेव्हाच्या इंग्रज डॉक्टरांच्या अहवालांत पनवेलचं नाव त्यासाठी आलेलं आहे. आमच्या पनवेलचा इतिहास सांगणारे बंदर सांगतात, तांदूळ आणि मिठाचा व्यापार सांगतात, १८५२ सालची नगरपालिका सांगतात, वडाळे तलाव, कृष्णाळे तलाव सांगतात. ही गोष्ट कोणी सांगत नाही. मुक्कामाचं गाव म्हटलं की माल उतरतो, माणसं उतरतात, तशी ही पण उतरली.

गंमत अशी की साथ रस्त्यानं माणसांबरोबर चालत आली हे अहवालात दिसत असूनही पुष्कळ डॉक्टर दोष हवेलाच देत होते. पाण्यातून हा रोग जातो हे जॉन स्नो या डॉक्टरनं लंडनमध्ये १८५४ साली एका पंपाच्या पाण्यावरून दाखवलं, आणि रॉबर्ट कॉख यानं १८८४ साली कलकत्त्याला येऊन रुग्णांत आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यात त्याचा जंतू दाखवला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं पनवेलच्या वाटेनं माणसं मरत होती आणि शहाणी माणसं वारा कुठून येतो ते बघत होती. मग खेड्यातल्या माणसांनी देवीला कौल लावला तर त्यांना कोणत्या तोंडानं अडाणी म्हणायचं?

मरीआईचा गाडा मी स्वतः पाहिलेला नाही, आजीकडून ऐकलेला आहे. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात हळदकुंकू, लिंबं, हिरव्या बांगड्या, भात. वाजतगाजत तो गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि शिवेपलीकडे ढकलून द्यायचा. मागे वळून बघायचं नाही. पलीकडचं गाव जागं असलं तर तेही पुढच्या शिवेवर नेऊन सोडणार. असा तो गाडा फिरत फिरत ज्याला पुढे ढकलायला कोणी नाही अशाच्या दारात थांबायचा. आमच्याकडे तो कातकऱ्यांच्या वाडीपाशी थांबे, असं आजी सांगे. वाडीच्या पलीकडे डोंगर.

आजीची दोन मुलं एका रात्रीत गेली. माझ्या वडिलांच्या आधीची ती. साल तिला सांगता येत नसे. "भाताची लावनी झाली व्हती," एवढंच. थोरला सात वर्षांचा, धाकटा चार. संध्याकाळी जुलाब सुरू झाले, तांदळाच्या धुवणासारखे पांढरे, मग उलट्या. मध्यरात्री पायांत गोळे येऊन पोरं ओरडायला लागली, आणि मग ओरडायचाही आवाज बसला. आजीनं काय काय केलं ते ती मला पुन्हा पुन्हा सांगे. अंगणात खड्डा खणला, जुलाबावर चुलीतली राख टाकून सगळं त्यात नेऊन पुरलं. तळपायाला सुंठ चोळली. जायफळ उगाळून चाटवलं. कांद्याचा रस दिला. फक्त पाणी दिलं नाही. जाणत्या माणसांनी बजावलं होतं, पाणी दिलंस तर पोटात राहणार नाही, आणखी होईल. थोरला पाणी पाणी करत गेला. सकाळी तिनं गोधड्या नदीवर नेऊन धुतल्या. नदी तिथून खाली वाडीकडे जाते. चौथ्या दिवशी वाडीवर रडारड सुरू झाली. ही शेवटची गोष्ट ती कमी वेळा सांगे आणि हळू आवाजात सांगे.

राख टाकून पुरणं बरोबर होतं, आणि पाणी न देणं हा घात होता. नदीवर गोधड्या धुणं हाही घातच, पण दुसऱ्यांचा. एकाच बाईच्या एकाच रात्रीतल्या या गोष्टी. पाणी न देण्याची समजूत खेड्यातलीच होती असंही नाही. जुलाबात आतड्याला विश्रांती द्यावी, तोंडानं काही देऊ नये, असं डॉक्टरही कित्येक वर्षं मानत आले.

मी एएनएमचं शिक्षण घेतलं ते सत्तरीच्या दशकात. तेव्हा काही दिवस आम्हाला मुंबईच्या साथीच्या रोगांच्या रुग्णालयात नेलं होतं. तिथे मी पहिल्यांदा पटकीची बाज पाहिली. साधी खाट, वर मेणकापड, मधोमध ताटाएवढं भोक आणि खाली बादली. रुग्णाला उठवायचं नाही, त्याच्यात ताकदच नसते. जे जाईल ते खाली बादलीत. बादलीला आतून रेघा मारलेल्या. तिथल्या सिस्टर कडक होत्या. म्हणायच्या, "आधी बादली बघ, मग पेशंटचं तोंड बघ." मला तेव्हा ते निर्दय वाटलं. पण या रोगात माणूस मरतो तो जंतूनं नव्हे, बादलीत गेलेल्या पाण्यानं. जोराचा कॉलरा असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभरही पाणी जातं. जितकं गेलं तितकं परत घातलं तर माणूस उठून बसतो. शुश्रूषा म्हणजे इथे हिशोब. गेलं किती, दिलं किती.

बाकी जे शिकले ते हातांनी शिकले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट झाली तर ठीक, मळलेल्या पिठासारखी उभी राहिली तर पाणी फार गेलंय. डोळे खोल, टाळू बसलेली, रडतंय पण अश्रू नाहीत. बोटं बघायची, तासन्‌तास कपडे धुतल्यावर होतात तशी सुरकुतलेली. मनगटाला नाडी लागत नसेल तर बोलत बसायचं नाही, सलाईन. मोठ्या माणसाला किलोमागे शंभर मिलिलिटर, आणि तेही तीन तासांत, त्यातलं पहिलं अर्ध्या तासात भराभर. लघवी झाली का हे दर वेळी विचारायचं. घरच्यांना हा प्रश्न चावट वाटतो, पण पटकीच्या रुग्णाला लघवी झाली की नर्सला पेढे वाटावेसे वाटतात. मूत्रपिंड जागं झालं म्हणायचं. आणि प्रत्येक रुग्णानंतर हात साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत. मी इतकी वर्षं या आजारात हात घातले पण मला एकदाही लागण झाली नाही. त्याला पुण्याई नको, साबण पुरतो.

पण सलाईन असायचं कुठे? बाटली, सुई, नळी, ती लावणारा माणूस, हे सगळं तालुक्याच्या गावी. रोग मात्र ओढ्याच्या पलीकडे. ही कोंडी फुटली ती बंगालातच, जिथून साथ निघाली होती तिथेच. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून आले. बनगावच्या लहानशा रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस होते. जमिनीवर रुग्ण, सलाईन संपत आलेलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, पिंपं भरली, पिंपांना तोट्या बसवल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. तोवर शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चारच्या आत आलं. कलकत्त्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ साली असं मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून रुग्ण बरे केल्याचं लिहिलं होतं, तिकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. साखरेबरोबर मीठ आतड्यातून आत ओढलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी जातं, आणि आतडं आजारी असतानाही हे चालू राहतं, एवढीच त्यातली किल्ली. महालनबीस २०२२ साली वारले, पद्मविभूषण त्यांना त्यानंतर मिळालं. मला त्यांच्या औषधापेक्षा त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्यांनी रुग्णाच्या आईला नर्स केलं.

हे सगळं मला कळलं तेव्हा आजी जिवंत होती. ओआरएसची पाकिटं आमच्या केंद्रात नुकती येऊ लागली होती. एकदा मी घरी आले असताना तिनं पिशवीत हात घालून एक पाकीट काढलं आणि विचारलं, "यात काय हाय?" मी म्हटलं, साखर, मीठ, सोडा. "आनि द्यायचा कशात?" पाण्यात, म्हटलं. किती? म्हटलं, जुलाब झाला की पेलाभर, पुन्हा झाला की पुन्हा पेलाभर. ती बराच वेळ पाकीट उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पानी द्यायचा." मी काय बोलणार? नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. मी म्हटलं, आजी, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना पण हे माहीत नव्हतं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर ती असेपर्यंत आमच्या आळीत कुठल्याही पोराला जुलाब लागले की आजी काठी टेकत तिथे जायची आणि उंबऱ्यावर बसून पोराला चमच्यानं पाणी पाजायची. कोणाशी बोलायची नाही.

त्या काळातली एक रात्र सांगते. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची एक वाडी. मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि डोंगरावरचं सगळं वाहून झऱ्याच्या डबक्यात आलं होतं. निरोप आला तेव्हा एक म्हातारबाबा आधीच गेले होते. मी आणि आमचा शिपाई संध्याकाळी ओढा पार करून गेलो आणि मागे पाणी चढलं. म्हणजे सकाळपर्यंत डॉक्टर येत नाहीत. अकरा रुग्ण. सलाईनच्या बाटल्या सहा. पाकिटं होती पुष्कळ.

नाडी न लागणारे दोघं होते, बाटल्या त्यांना. बाकी सगळे तोंडावर. एका घरात विशी-बाविशीची सून होती, तिला उठवणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, ही काथ्याची बाज मधून कापा. घरधनी तयार होईना. "बाज लग्नातली हाय, बाय." बाज पुन्हा विणता येते, असं मी म्हटलं आणि पुढचं बोलले नाही. त्यानं कोयता आणला. खाली घमेलं ठेवलं, त्यात ब्लिचिंग पावडर.

मग सासू आडवी आली. अगदी आजीचीच भाषा. "पानी नको देव गो बाय, आजून व्हईल." मी वाद घातला नाही, वाद घालायला वेळ नव्हता. विचारलं, मावशी, पेज द्याल? पेजेला कोण नाही म्हणतं आपल्याकडे? तापात पेज, बाळंतपणात पेज. म्हटलं, मग पातळ पेज करा, भरपूर पाण्याची, मीठ टाका, आणि ती गार होईपर्यंत माझ्या पाकिटातलं औषध चालू दे. औषध म्हटल्यावर तिची हरकत मावळली. तिला मी खाली बसवलं, हातात वाटी-चमचा दिला. मोठ्याला घोट घोट, पोराला मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळू सुरू करायचं, उलटी झाली म्हणून बंद करायचं नाही. दर जुलाबाला भिंतीवर कोळशाची एक रेघ, दर पेल्याला त्याच्यासमोर दुसरी रेघ. तिला लिहिता येत नव्हतं, पण रेघा तिनं माझ्यापेक्षा नीट मारल्या. पहाटे ती मला बोलवायला आली आणि म्हणाली, "रेघा बराबर झाल्यात, आता काय?" सुनेला लघवी झाली होती.

त्या अकरांपैकी कोणी गेलं नाही. पेजेचं म्हणाल तर पुढे ढाका आणि कलकत्त्याला तांदळाच्या पिठाचं मीठपाणी रुग्णांना देऊन पाहण्यात आलं, आणि कॉलऱ्यात ते चांगलंच लागू पडतं असं दिसलं. कोकणातल्या म्हाताऱ्यांना कोणी विचारायला आलं नव्हतं, नाहीतर वेळ वाचला असता.

पाकिटाची एक अडचण मात्र पुस्तकात नव्हती. ते एक लिटर पाण्यात सगळं एकदम टाकायचं असतं. घरात लिटरचं माप नाही. बायका काटकसरीनं चिमूटभर पेल्यात टाकत आणि बाकीचं बांधून ठेवत, किंवा लवकर गुण यावा म्हणून एका तांब्यात सगळं पाकीट. दोन्ही वाईट, दुसरं जास्त वाईट, कारण फार खारट पाणी पोराच्या जिवावर उठतं. मी घरोघरी तांब्या मागायची, दोनशे मिलिलिटरचा पेला पाच वेळा ओतून पाणी कुठवर येतं तिथे खिळ्यानं खूण करायची. पाकीट नसेल तेव्हा त्याच लिटरात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. माझ्या हद्दीतल्या कितीतरी तांब्यांवर ती खूण होती. नव्या सुना भांड्यांना कल्हई लावायला देत तेव्हा विचारत, ही रेघ कसली?

रुग्ण बरा करणं सोपं, विहीर बरी करणं अवघड. पूर्वी विहिरीत लाल औषध टाकत, पोटॅशियम परमँगनेट. आमच्या वेळी टीसीएल पावडर. ती टाकायची रात्री, शेवटची घागर भरून झाल्यावर, म्हणजे सकाळपर्यंत मुरते. पण वासाचं पाणी कोणाला आवडत नाही. "बाय, भात पिवला व्हतो, डाल शिजत नाय," अशा तक्रारी. मग लोक ती विहीर सोडून ओढ्याचं पाणी आणत, म्हणजे सगळं मुसळ केरात. नागपूरच्या नीरी संस्थेनं दुहेरी मडक्याची युक्ती काढली होती, एका मडक्यात दुसरं मडकं, त्यात ब्लिचिंग पावडर आणि वाळू, आणि ते विहिरीत सोडून द्यायचं. दोन-तीन आठवडे थोडं थोडं औषध पाझरत राहतं. वास कमी, तक्रार कमी. पाण्यात क्लोरीन उरलं की नाही ते बघायला ओटीची चाचणी, थेंब टाकला की पाणी पिवळं दिसलं पाहिजे. पुढे ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं, लाल कार्ड आलं. लाल कार्ड मिळालेले सरपंच माझ्याकडे बघायचे नाहीत. माझी काही हरकत नव्हती.

पटकीच्या लसीचं मला कधी फार कौतुक वाटलं नाही. पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांना सुई टोचायचे, दंड सुजायचा, ताप यायचा, आणि वारकरी चंद्रभागेचं पाणी प्यायचे ते प्यायचेच. ती जुनी लस थोडेच महिने आणि अर्धीमुर्धी टिकायची. जागतिक आरोग्य परिषदेनं १९७३ साली प्रवासाला तिच्या दाखल्याची अट काढून टाकली. आता तोंडानं घ्यायच्या लशी आल्यात, त्या बऱ्या आहेत म्हणतात. त्या मी वापरलेल्या नाहीत.

२६ जुलै २००५ च्या पुरात रायगड जिल्ह्यातल्या नद्या गावांत शिरल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही तीन आठवडे टीसीएलच्या वासातच राहत होतो. हातांची कातडी सोलली. त्या वेळी लेप्टोची भीती सगळ्यांना होती, आणि खरी होती, पण मी विहिरी मोजत होते. पटकी आली नाही. न आलेल्या साथीची बातमी कुठे छापून येत नाही.

आता पनवेलची महानगरपालिका होऊन वर्षं झाली, शेतांवर टॉवर उभे राहिले. त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत कामगार राहतात, बंगालचे, बिहारचे, ओडिशाचे, आपल्या मराठवाड्याचे. पाणी टँकरचं, निळ्या पिंपात साठवलेलं, त्यात सगळ्यांचे हात. माल उतरतो तिथे माणसं उतरतात, हे दोनशे वर्षांत बदललेलं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीची आशाताई अशाच खोल्यांत फिरून आली आणि संध्याकाळी माझ्याकडे बसली. सहा-सात जणांना जुलाब, एकाला पायांत गोळे. त्याला दवाखान्यात पाठवलंस का, म्हटलं. पाठवला. पाकिटं दिलीस? दिली, झिंकच्या गोळ्या पण लहान पोरांना दिल्या, चौदा दिवस द्यायला सांगितल्या. पण मावशी, ती म्हणाली, त्यांच्याकडे तांब्या नाही, पेला नाही, माप कशानं सांगू? मी विचारलं, प्यायच्या पाण्याची बाटली असते ना विकतची, लिटरची? तिच्यावर लिहिलेलंच असतं. ती म्हणाली, त्या तर तिथे शेकड्यांनी पडलेल्या आहेत. म्हटलं, मग त्या उचल आणि आधी धू. ती उठली तेव्हा मी तिला साबणाच्या दोन वड्याही दिल्या.